येळवशीची आंबील : तेर-ढोकी परिसरातील एका सणाच्या पेयाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी, तिच्या शेजारचे तेर आणि तेरणा नदीच्या दोन्ही काठांची काळी रानवस्ती या पट्ट्यात वर्षातील सर्वांत मोठा शेतीचा सण दिवाळी किंवा पोळा नसून मार्गशीर्ष अमावास्या हा आहे. पंचांगात आणि सरकारी कागदात तिला ‘वेळ अमावास्या’ म्हणतात, तर गावच्या बोलीत ‘येळवस’. त्या दिवशी ज्वारी उभी असलेल्या शेतात घरचा प्रत्येक माणूस जेवायला जातो आणि त्या जेवणात जे पेय नसल्यास सण झाला असे कोणी मानत नाही, ते म्हणजे आंबील. ज्वारीचे पीठ ताकात आंबवून, शिजवून, निववून आणि पुन्हा ताकाने सैल करून केलेले हे पातळ, आंबटसर पेय आहे. तिथी चांद्रमासाची असल्यामुळे सणाची तारीख दरवर्षी बदलते, तरी ती साधारणपणे डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीचा पूर्वार्ध यांच्या दरम्यान येते. २०२२ साली ती २३ डिसेंबरला, तर २०२४ मध्ये एकदा ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला आली. म्हणजे अनेकदा ज्या दिवसांत युरोप-अमेरिकेतील घरे नाताळच्या पेयांच्या तयारीत असतात, त्याच दिवसांत तेरणाकाठच्या घरांत ताक साठवले जात असते.

नाताळच्या त्या पेयांपैकी ‘एगनॉग’ हे फेटलेली अंडी, दूध, साखर, जायफळ आणि बहुधा रम किंवा ब्रँडी यांचे मिश्रण आहे. त्याची मुळे मध्ययुगीन इंग्लंडमधील ‘पॉसेट’ या पेयात, म्हणजे मद्य घालून फाडलेल्या गरम मसालेदार दुधात, शोधली जातात. इंग्लंडमध्ये दूध, अंडी आणि आयात केलेले मद्य एकत्र आणणे श्रीमंतांनाच परवडे. अमेरिकी वसाहतींत मात्र घरोघर गाई-कोंबड्या होत्या आणि कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळीपासून काढलेली रम स्वस्त होती, त्यामुळे हेच पेय तेथे सामान्य घरांत शिरले. पुढे त्याचे वेड एवढे वाढले, की १८२६ च्या नाताळात वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत मद्यबंदी मोडून चोरून आणलेल्या दारूचे एगनॉग केले गेले आणि त्यातून छात्रांचे बंड उभे राहिले. या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. सणाचे पेय धर्मापेक्षा घराच्या अर्थव्यवस्थेवर अधिक अवलंबून असते, आणि घरात जे सहज उरते, जे विकावे लागत नाही, त्यातूनच ते घडते. आंबिलीचा इतिहासही याच अंगाने वाचावा लागतो, कारण तिच्याविषयी आजवर जे सांगितले गेले ते बहुतांशी पांडवांच्या कथांपुरते राहिले आणि ज्या ताकावर ती उभी आहे त्या ताकाकडे फारसे कोणी पाहिले नाही.

धान्याचे पीठ आणि आंबट दुग्धपदार्थ एकत्र करण्याची रीत भारतात फार जुनी आहे. ऋग्वेदात पूषन् या देवाचे आवडते अन्न म्हणून ‘करंभ’ येतो, जो भाजलेल्या जवाचे पीठ दह्यात कालवून करीत. पूषन् हा वाटांचा आणि गुरांचा राखणदार होता, आणि ब्राह्मणग्रंथांनी त्याला दात नसल्याची कथा सांगून त्याच्या मऊ आहाराचे कारणही देऊन टाकले आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत ‘कांजिक’ किंवा ‘धान्याम्ल’ या नावाने धान्य पाण्यात आंबवून केलेल्या पेयाचे गुण सांगितलेले आढळतात. तथापि करंभापासून आंबिलीपर्यंत एक सरळ रेघ ओढण्याचा मोह आवरलेला बरा. करंभ जवाचा होता, आणि दख्खनमध्येही आरंभीच्या शेतकऱ्यांचे एक मुख्य धान्य जव हेच होते, हे पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननातून दिसून आले. ज्वारी हे मूळचे आफ्रिकेतील पीक असून ती समुद्रमार्गे भारतात आली आणि दख्खनच्या कोरडवाहू काळ्या जमिनीत हळूहळू मुख्य धान्य बनली. म्हणून करंभाशी नाते सांगायचेच तर ते कृतीचे सांगता येते, धान्याचे नव्हे.

तेर हे या भागाच्या प्राचीनतेचे सर्वांत ठळक स्थान आहे. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेला जाई आणि त्यात जाडेभरडे कापड पुष्कळ असे. हे तगर म्हणजेच तेर, अशी निश्चिती जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये केली. पुढील उत्खननांत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, भाजक्या मातीच्या व चिकणमातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताची एक प्रसिद्ध स्त्रीमूर्ती मिळाली, आणि त्यांतील पुष्कळ वस्तू आज तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहेत. या वस्तूंत मातीची भांडी अर्थातच विपुल आहेत, परंतु त्यांपैकी एखाद्या भांड्यात आंबीलच होती असे म्हणणे उत्साहाचे ठरेल, अभ्यासाचे नाही.

सणाचे वय ठरवणे अवघड असले, तरी त्याचा भूगोल स्पष्ट आहे आणि तोच इतिहासाचा चांगला पुरावा ठरतो. येळवस धाराशिव आणि लातूर या दोन जिल्ह्यांत सर्वत्र, तर सोलापूर व नांदेडच्या लगतच्या भागांत कमीअधिक प्रमाणात होते. सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी आणि विजयपूर या भागांत हीच तिथी ‘एळ्ळ अमावास्या’, म्हणजे तिळाची अमावास्या, म्हणून शेतातच साजरी होते. पश्चिमेला पुण्याकडे किंवा उत्तरेला गोदावरी ओलांडून जावे तसा हा सण दिसेनासा होतो. ‘कविराजमार्ग’ या नवव्या शतकातील कन्नड ग्रंथाने कन्नड देशाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आणि नंतरच्या चालुक्यांची राजधानी कल्याणी ही दोन्ही ठिकाणे तेरपासून फार दूर नाहीत, आणि राष्ट्रकूट आपले मूळ ‘लट्टलूर’ येथील असल्याचे सांगत, जे आजचे लातूर मानले जाते. अनेक शतके मराठी आणि कन्नड एकाच रानात, एकाच बाजारात बोलल्या गेल्या, आणि पीक पुजताना आजही मराठी शेतकरी जो उद्घोष करतो, त्यातील शब्द कन्नडचे आहेत. उच्चारणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचा अर्थ सांगता येत नाही, आणि गावोगाव त्यांची रूपेही बदललेली ऐकू येतात.

निजामी राजवटीत या पट्ट्याचा बराचसा भाग हैदराबाद संस्थानात एकत्र होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर व गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात, तर उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि मराठवाड्याचे इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते, ते १९८२ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाले. भाषेच्या नकाशाने सणाचा पट्टा असा मधोमध कापला, आणि म्हणून मराठी लेखनात येळवस ‘लातूरकडची एक वेगळी प्रथा’ एवढ्यावरच आटोपली जाते. तिचा अर्धा संसार सीमेपलीकडे आहे हे सांगायचे राहून जाते.

आंबील करण्याची रीत घरागणिक बदलते, पण तिचा कणा एकच आहे. तयारी चार-पाच दिवस आधी ताक जमवण्यापासून सुरू होते. रोजच्या घुसळणीचे ताक मातीच्या डेऱ्यात साठवत गेल्याने ते उत्तरोत्तर आंबट होई. ज्यांच्या घरी दुभते जनावर नसे, त्यांना शेजारून ताक मिळे. अमावास्येच्या आदल्या दिवशी, काही घरांत त्याच्याही आधी, ज्वारीचे बारीक दळलेले पीठ ताकात कालवून ठेवतात. थंडीच्या दिवसांत हे कालवण चुलीच्या उबेला ठेवावे लागते, नाहीतर ते हवे तसे फसफसत नाही. मग मोठ्या पातेल्यात पाण्याचे आधण ठेवून, त्याला उकळी आली की हे कालवण एका हाताने धार धरून वैरायचे आणि दुसऱ्या हाताने लाकडी डावाने सतत हाटत राहायचे असते. उकळत्या आधणात पीठ पडताच ते फुगते, आणि क्षणभर हात थांबला तरी गुठळी धरते, ती मग फुटता फुटत नाही. काही घरांत पिठाबरोबर ज्वारीच्या भरडलेल्या कण्याही शिजवतात, त्यामुळे पिताना दाताखाली काहीतरी येत राहते. जातीची आंबील ओळखण्याची खूण जुन्या बायका अशी सांगतात, की डाव उचलला असता धार तुटू नये, पण डावाला थरही धरू नये. शिजलेले मिश्रण पूर्ण निवल्यावर त्यात उरलेले आंबट ताक, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण, आले आणि कोथिंबीर घालून ते सैल करतात आणि रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी थंडच पितात.

या कृतीमागचे शास्त्र आता ठाऊक आहे. ताकातील जिवाणू पिठातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, ते आम्ल नासवणाऱ्या इतर जिवाणूंना वाढू देत नाही आणि ज्वारीतील लोहासारखे घटक शरीराला अधिक उपलब्ध करून देते. शिजवण्याआधीच्या आंबवणीने चव मुरते, आणि निवल्यावर घातलेल्या ताकाने जिवंत जिवाणू पेयात पुन्हा येतात. आंबिलीत मद्यार्क नावापुरताच असला तर असतो. तरीही शेतातील जेवणानंतर ज्वारीच्या सरींतून माणसे दुपारभर आडवी पडलेली दिसतात आणि त्याचे श्रेय गमतीने आंबिलीला दिले जाते. वास्तविक त्यात त्या जेवणातील भज्जी या मिश्र भाजीचा वाटा मोठा असावा.

आंबील शेतात नेण्याचे भांडे म्हणजे बिंदगी, अर्थात अरुंद तोंडाची मातीची घागर. हे भांडे मातीचेच का, याला धार्मिक उत्तर आहे तसे व्यावहारिकही आहे. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्याची कल्हई उडालेली असली तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, त्याला हिरवट रंग आणि मळमळवणारी चव येते. मातीच्या भांड्याला ही भीती नाही. शिवाय त्याच्या अंगातून पाणी झिरपून वाळत असल्याने आतील पेय उन्हातही गार राहते. बारा बलुत्यांच्या व्यवस्थेत कुंभार गावाला वर्षभर मडकी पुरवी आणि खळ्यावर धान्याच्या रूपाने त्याचे बलुते घेई. येळवशीची कोरी बिंदगी आणि पुजेची लहान बोळकी त्याच हिशेबात येत. तेरचे संत गोरा कुंभार याच व्यवसायाचे. वारकरी परंपरेत त्यांच्या गावाचा उल्लेख ‘तेरढोकी’ असा जोडनावानेच होतो, आणि ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळाव्यात कुणाचे मडके कच्चे, हे थापटण्याने थोपटून पारखणारे म्हणून ते सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तेराव्या-चौदाव्या शतकांतील या कुंभाराच्या चाकावरून आंबिलीच्या बिंदग्या उतरल्या की नाही हे सांगता येत नसले, तरी या गावांत कुंभाराचे काम किती मध्यवर्ती होते याची साक्ष त्या कथेतून नक्कीच मिळते. आज बहुतेक घरांतून आंबील स्टीलच्या कॅनमधून जाते आणि बिंदगी पुजेपुरती उरली आहे. स्टीलमध्ये ती कळकत नाही हे खरे, पण गारही राहत नाही.

सणाच्या दिवशी सकाळी घरची माणसे डोक्यावर टोपली आणि बिंदगी घेऊन, तिच्यावर घोंगडी किंवा शाल पांघरून शेताची वाट धरतात. शेतात ज्वारीच्या कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून वर बांधलेली लहानशी खोप असते, तिला ‘कोप’ म्हणतात. आत पाच दगड चुना लावून मांडतात, ते पांडव, आणि त्यांच्यासोबत लक्ष्मीची किंवा द्रौपदीची मांडणी असते. नैवेद्यात मुख्य पदार्थ भज्जी असतो. हरभऱ्याचे कोवळे दाणे, तुरीचे आणि वाटाण्याचे हिरवे दाणे, मेथी, कांद्याची पात, वांगी, गाजर, बोरे असे त्या हंगामात रानात जे जे येते, ते सगळे चिंचेच्या कोळात आणि बेसनात एकत्र शिजवून ती करतात. तिच्याबरोबर सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, वाफवलेले उंडे, तिळाच्या व शेंगदाण्याच्या पोळ्या, आंबट भात आणि गव्हाची खीर असते. पूजा झाल्यावर घरातील एक जण पुढे आंबील आणि मागून दुसरा पाणी घेऊन उभ्या पिकाला फेरी घालतो आणि पळसाच्या पानाने किंवा डहाळीने आंबिलीचे शिंतोडे ज्वारीवर उडवतो. याला चर शिंपणे म्हणतात. सायंकाळी काही घरांत कोपीसमोर गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवून ते उतू जाऊ देतात आणि ते ज्या दिशेला सांडेल तिकडे पुढचा हंगाम चांगला, असा कौल मानतात. त्यानंतर गवताचा पेटता पेंढा घेऊन शेताभोवती धावण्याची चाल आहे, तिला हेंडगा म्हणतात.

पांडवांचा संबंध वनवासाच्या कथेने जोडला जातो, परंतु ती कथा सणाला नंतर चिकटलेली दिसते. भारतभर कोठेही पाच दगड एका ओळीत दिसले की लोक त्यांना पांडवच म्हणतात. सणाचा खरा आशय पिकाच्या अवस्थेत आहे. हस्ताच्या पावसाच्या आगेमागे पेरलेली रब्बी ज्वारी मार्गशीर्षाच्या अखेरीस पोटरीत असते, म्हणजे कणीस अजून पानाच्या वेढ्यात दडलेले असते आणि ताट मध्यभागी फुगीर दिसते. शेतकरी या अवस्थेतील पिकाला गर्भार मानतो, त्याची ओटी भरतो, आणि आंबील हे त्याचे डोहाळे पुरवण्याचे आंबट आहे. पोटुशी बाईला आंबट खावेसे वाटते ही समजूत घराघरांत आहे, तीच येथे रानात नेली गेली आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या ग्रंथात भूमी आणि स्त्री यांच्या सर्जनाचे जे ऐक्य उलगडून दाखवले, त्याच्या पुराव्यांत तेर येथे मिळालेल्या मूर्तींनाही स्थान आहे. त्या मूर्ती आणि आजची ओटी यांच्यामध्ये दीड-दोन हजार वर्षांचे अंतर आहे, आणि ते एका वाक्यात ओलांडता येण्याजोगे नाही. मात्र एकाच परिसरात दोन्ही गोष्टी असाव्यात, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. देवीच्या उपासनेत आंबिलीचे स्थान अन्यत्रही टिकून आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आटोपून भक्त परतल्यावर कोल्हापुरात रेणुकेची ‘आंबील यात्रा’ भरते, तीही मार्गशीर्षातच.

येळवशीला वाटसरूलाही हाक मारून जेवायला बसवतात, ज्याला शेत नाही त्याला कोणी ना कोणी आपल्या शेतात नेतो, आणि या औदार्याचे वर्णन करताना लेखकांची लेखणी नेहमीच सैल सुटते. परंतु ज्याला पाहुणा म्हणूनच शेतात जावे लागे, त्याच्याजवळ पुजायला स्वतःचे पीक नव्हते, ही त्याच चित्राची दुसरी बाजू आहे आणि ती दुष्काळी मराठवाड्यात लहान नव्हती.

आता ताकाकडे वळणे आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागातील दुभत्याचा विकाऊ माल दूध नव्हता, तूप होता. दूध टिकत नाही आणि ते वेळेत पोहोचवायला रस्ते नव्हते. तूप मात्र महिनोन्‌महिने टिके आणि बाजारच्या दिवशी पेठेत नेऊन त्यावर मीठ, कापड, तेल आणता येई. दुधाला विरजण लावावे, डेऱ्यात रवीने घुसळून लोणी काढावे, ते कढवून तूप साठवावे, आणि मागे उरलेले ताक घरात, गड्यांत व शेजारात वाटून टाकावे, असा हा क्रम होता. ताक विकणे कमीपणाचे समजले जाई. म्हणजे ताक हा असा पदार्थ होता की जो प्रत्येक दुभत्या घरात मुबलक होता आणि ज्याला किंमत नव्हती. ज्वारी घरची, ताक फुकटचे, मडके बलुत्याचे, त्यामुळे गावातील सर्वांत गरीब घरालाही ज्यासाठी फारसा पैसा मोजावा लागत नव्हता असे हे सणाचे पेय होते. एगनॉगला रम विकत आणावी लागे, आंबिलीला मीठ-जिऱ्यासारखे किरकोळ जिन्नस सोडल्यास काहीच विकत आणावे लागत नव्हते.

या व्यवस्थेला पहिला धक्का रेल्वेने दिला, पण तो हलका होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. ढोकी त्या वाटेवर आल्याने कापूस, तेलबिया आणि धान्य यांना मोठ्या पेठा जवळ झाल्या. दुधाची गोष्ट मात्र तशीच राहिली. खरा बदल स्वातंत्र्यानंतर झाला. १९७० मध्ये दूधमहापूर योजना सुरू झाली, १९७२ च्या दुष्काळानंतर कोरडवाहू शेतीला जोडधंदा म्हणून दुभती जनावरे देण्याचे धोरण आले, आणि पाठोपाठ संकलन केंद्रे गावोगाव निघाली. याच जिल्ह्याच्या भूम-वाशी भागात खव्याच्या भट्ट्या वाढल्या आणि कुंथलगिरीचा खवा-पेढा दूरवर प्रसिद्ध झाला. डेअरीला घातलेल्या दुधाचे विरजण लागत नाही आणि खव्याच्या कढईत आटलेल्या दुधातून ताक उरत नाही. सकाळ-संध्याकाळ किटली भरून दूध बाहेर जाऊ लागले, घरात रोख पैसा आला, त्यातून मुलांच्या फिया भरल्या गेल्या, आणि त्याच हिशेबात घुसळणे थांबले. येळवशीच्या आठवड्यात ताक मिळवणे ही आज या भागातील गृहिणींची खरी अडचण आहे. काही जणी आठ दिवस डेअरीला दूध कमी घालतात, काही जणी दह्याची पाकिटे विकत आणतात, ज्यांतून आंबिलीला लागणारा जुना, खोल आंबटपणा येत नाही आणि मग चिंचेवर किंवा लिंबावर भागवावे लागते.

दुसरा बदल पिकांचा. ढोकी येथे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मराठवाड्यातील आरंभीच्या सहकारी कारखान्यांपैकी तो एक होय. तेरणा प्रकल्पाचे पाणी, विहिरी आणि कारखान्याची ऊसमागणी यांमुळे काळ्या रानाचा काही भाग उसाखाली गेला. पुढे कारखाना अनेक वर्षे बंद राहिला, तरी जवळपासच्या इतर कारखान्यांमुळे ऊस टिकून राहिला. कोरडवाहू रानात सोयाबीन आले आणि लातूर ही त्याची मोठी बाजारपेठ बनली. रब्बी ज्वारी पूर्ण गेली नाही, कारण मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या मालदांडीची भाकरी आणि तिचा कडबा या दोन्हींना पर्याय नाही. पण तिचे क्षेत्र आक्रसले. येळवशीला उसाच्या फडात किंवा हरभऱ्याच्या रानात कोप उभी करण्याची वेळ अनेकांवर येते, आणि पाच पेंढ्यांसाठी शेजाऱ्याकडे जावे लागते. पोटरीतील ज्वारीसाठी योजलेले आंबटाचे शिंतोडे उसाच्या पानांवर पडतात. त्यात कोणाला विसंगती वाटत नाही, कारण आता ओटी एका पिकाची भरली जात नाही, शेताची भरली जाते.

एवढे बदल होऊनही सण ओसरला नाही, उलट त्याचे महत्त्व वाढलेले दिसते, आणि याचे कारण स्थलांतरात आहे. दुष्काळाने आणि शिक्षणाने धाराशिव-लातूरची माणसे पुणे, मुंबई, हैदराबाद येथे गेली. दिवाळीला न आलेला मुलगाही येळवशीला येतो असे गावात म्हटले जाते, आणि त्या दिवशी लातूर शहराचे रस्ते संचारबंदी असल्यासारखे ओस पडतात. जिल्हाधिकाऱ्यांना आपल्या अधिकारात ज्या मोजक्या स्थानिक सुट्ट्या देता येतात, त्यांपैकी एक लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत बहुधा वेळ अमावास्येला दिली जाते, तर त्या दिवशी पुण्यातील कार्यालये नेहमीप्रमाणे चालू असतात. त्यामुळे तेथे राहणाऱ्या कुटुंबांना रजा टाकून यावे लागते किंवा येत्या रविवारी घरच्या घरी भज्जी-आंबील करावी लागते. त्या वेळी ज्वारीचे पीठ गावाहून आलेले असते, ताक मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात.